संग्रहालय आणि इतिहासलेखन : ब्यूमाँट न्यूहॉल यांची कारकीर्द

प्रस्तावना

इतिहासाचा अभ्यासक सामान्यतः अगोदर जमलेल्या साधनांपाशी जातो. दप्तरखाना, ग्रंथालय किंवा संग्रहालय त्याच्यापूर्वीच अस्तित्वात असते. तेथील कागद व वस्तू कोणीतरी जपलेल्या, लावलेल्या आणि नोंदवलेल्या असतात. छायाचित्रणाच्या इतिहासाच्या बाबतीत मात्र हा क्रम बव्हंशी निराळा राहिला. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात छायाचित्रांची संख्या अगणित होती, पण त्यांतील जपण्याजोगी कोणती आणि ती कोणत्या कारणासाठी जपावयाची, याविषयी विद्यापीठांत वा संग्रहालयांत एकवाक्यता नव्हती. रसायनशास्त्रज्ञ छायाचित्रणाकडे शोधांची मालिका म्हणून पाहत असत, तर व्यावसायिक छायाचित्रकार ते उपजीविकेचे साधन मानीत. कलेतिहासाच्या अभ्यासक्रमात त्याला जवळजवळ स्थान नव्हते. अशा वेळी ज्यांनी प्रदर्शन भरविले, संग्रह उभारला आणि त्याच अनुभवातून इतिहासही लिहिला, त्यांत अमेरिकन अभिरक्षक ब्यूमाँट न्यूहॉल (१९०८–१९९३) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

संग्रहालयाचा अभिरक्षक, म्हणजेच क्युरेटर, हा प्रामुख्याने वस्तूंचा राखणदार मानला जातो. न्यूहॉल यांच्या कारकिर्दीचा अभ्यास केल्यास ही समजूत अपुरी ठरते. त्यांच्या मुख्य ग्रंथाच्या १९३७ ते १९८२ या काळात पाच आवृत्त्या निघाल्या आणि या काळात त्यांची पदे, संस्था व सहकारीही बदलत गेले. ग्रंथातील बदल आणि संस्थांतील बदल परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत. अभिरक्षकाने केलेली निवड हीच पुढे इतिहासाची निवड ठरते, हे या उदाहरणातून स्पष्ट दिसते. न्यूहॉल यांच्या कार्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोहोंचे मूळ येथेच आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीचा आढावा या दृष्टीने घेतला आहे.

शिक्षण आणि संग्रहालयविद्येचे संस्कार

ब्यूमाँट न्यूहॉल यांचा जन्म २२ जून १९०८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिन या गावी झाला. वडील डॉक्टर होते आणि आईला छायाचित्रणाची आवड होती. घरातच छायाचित्रे धुण्याची अंधारखोली असल्याने काचेवर वा कागदावर प्रतिमा उमटताना पाहणे हा त्यांच्या बालपणीचा अनुभव होता. हार्वर्ड विद्यापीठात त्यांना चित्रपट आणि छायाचित्रण या विषयांचा अभ्यास करावयाचा होता, परंतु त्या काळी तेथे तशी सोय नव्हती. परिणामी त्यांनी कलेतिहास निवडला आणि १९३१ मध्ये पदव्युत्तर पदवी संपादन केली.

हार्वर्डच्या फॉग संग्रहालयात पॉल सॅक्स हे संग्रहालयविद्येचा अभ्यासक्रम चालवीत. सॅक्स मूळचे बँकव्यवसायातील होते आणि स्वतः मोठे संग्राहक होते. त्यांच्या अध्यापनात व्याख्यानापेक्षा प्रत्यक्ष वस्तू हाताळण्यास अधिक महत्त्व असे. चित्र वा मुद्राचित्र हाती घ्यावे, त्याचा कागद, शाई आणि अवस्था पाहावी, ते कोणाकोणाकडून फिरत आले याचा माग काढावा आणि मग त्याच्या गुणवत्तेविषयी मत बनवावे, अशी ती शिस्त होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे पहिले संचालक आल्फ्रेड बार हेही सॅक्स यांचेच विद्यार्थी. न्यूहॉल यांनी पुढे छायाचित्राच्या मूळ प्रतीचा जो आग्रह आयुष्यभर धरला, त्याचे बीज या शिक्षणात दिसते. छापील पुस्तकातील पुनर्मुद्रित प्रतिमा आणि छायाचित्रकाराने स्वतः तयार केलेली प्रत यांत गुणात्मक अंतर असते, हा विचार त्यांनी मुद्राचित्रांच्या अभ्यासातून छायाचित्रणाकडे नेला.

फिलाडेल्फिया येथील कलासंग्रहालयात व न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अल्पकाळ काम केल्यानंतर आणि युरोपात काही काळ अध्ययन केल्यानंतर १९३५ मध्ये न्यूहॉल आधुनिक कला संग्रहालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. हे संग्रहालय १९२९ मध्ये स्थापन झाले होते. १९३६ च्या घनवाद व अमूर्त कलेवरील प्रसिद्ध प्रदर्शनाच्या ग्रंथासाठी संदर्भसूची तयार करण्याचे काम त्यांनी केले. छायाचित्रणावरील त्यांचे लेखन तोपर्यंत सुरू झाले होते. त्याच वर्षी बार यांनी छायाचित्रणाचे एक मोठे प्रदर्शन योजण्याची जबाबदारी या तरुण ग्रंथपालावर सोपविली.

१९३७ चे प्रदर्शन

या प्रदर्शनापूर्वीची स्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. संग्रहालयांत छायाचित्रे मुळीच नव्हती, असे म्हणता येत नाही. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ती जमविली होती. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाने १९२४ मध्ये आणि मेट्रोपॉलिटनने १९२८ मध्ये आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांची छायाचित्रे स्वीकारली होती. उणीव होती ती या सामग्रीला एका सूत्रात गुंफणाऱ्या कथनाची. ऑस्ट्रियाचे योझेफ मारिया एडर आणि फ्रान्सचे जॉर्ज पोतोनिए यांनी लिहिलेले इतिहास मुख्यतः शोधांचे व प्रक्रियांचे होते. याउलट झिझेल फ्रॉइंड यांनी पॅरिसमध्ये १९३६ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच छायाचित्रणाचा विचार सामाजिक अंगाने केला होता. मध्यमवर्गाची वाढ आणि व्यक्तिचित्रांची बाजारपेठ यांचा संबंध त्यांनी दाखवून दिला.

न्यूहॉल यांचा विवाह १९३६ मध्ये नॅन्सी पार्कर यांच्याशी झाला. विवाहानंतरचा युरोपप्रवास हा दोघांनी प्रदर्शनासाठी छायाचित्रे शोधण्याचाही प्रवास ठरविला. 'छायाचित्रण : १८३९–१९३७' हे प्रदर्शन मार्च १९३७ मध्ये खुले झाले आणि त्यात ८४१ वस्तू मांडल्या होत्या. सल्लागारांत लास्लो मोहोली-नॉज यांच्यासारखे प्रयोगशील कलावंत होते, तसेच कोडॅक कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख केनेथ मीस हे शास्त्रज्ञही होते. प्रदर्शनाची रचना प्रक्रियांच्या क्रमाने केली होती : चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरील डॅगेरोटाइप, कागदी निगेटिव्हवर आधारलेला कॅलोटाइप, १८५१ नंतरची काचेवरील ओली कलोडियन प्रक्रिया, त्यानंतरची कोरडी प्लेट आणि अखेरीस समकालीन छायाचित्रण. समकालीन दालनांत वृत्तपत्रीय, खगोलशास्त्रीय आणि क्ष-किरणांची छायाचित्रेही होती.

केवळ यंत्रांची प्रगती दाखविणे हा या मांडणीचा उद्देश नव्हता. प्रत्येक प्रक्रिया आपल्याबरोबर पाहण्याची एक रीत आणते, असे न्यूहॉल यांचे प्रतिपादन होते. डॅगेरोटाइपची प्रतिमा एकमेव असते, तिच्या प्रती निघत नाहीत. तिच्यातील तपशील मात्र इतका सूक्ष्म असतो की भिंगातूनही तो संपत नाही. कॅलोटाइपमध्ये एका निगेटिव्हवरून अनेक प्रती काढता येतात, पण कागदाच्या तंतूंमुळे रेषा मृदू होते आणि छायाप्रकाशाचे मोठे पुंज प्रभावी ठरतात. तपशील आणि छायापुंज अशा दोन परंपरा त्यांनी यावरून कल्पिल्या. छायाचित्राचे मूल्यमापन चित्रकलेशी असलेल्या साम्यावरून न करता त्याच्या स्वतःच्या साधनांवरून करावे, हा विचार येथे पद्धतशीर स्वरूपात मांडला गेला.

प्रदर्शन लोकप्रिय ठरले आणि पुढे अन्य शहरांतही नेण्यात आले. तथापि दोन प्रतिक्रिया विशेष महत्त्वाच्या आहेत. अमेरिकन कलात्मक छायाचित्रणाचे अध्वर्यू मानले जाणारे स्टिग्लिट्झ यांनी सहकार्य करण्यास नकार दिला. दुसरीकडे समीक्षक लुईस ममफर्ड यांनी 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात असा आक्षेप घेतला की, प्रदर्शनाच्या ग्रंथात इतिहास आहे, पण छायाचित्रणाच्या कलात्मक मूल्याची पारख पुरेशी नाही. एका कला संग्रहालयाने विज्ञान, वृत्तपत्र आणि कला यांना जवळजवळ एकाच पातळीवर बसवावे, हे त्या वेळच्या जाणकारांना पटणारे नव्हते. १९३८ मध्ये हाच मजकूर 'छायाचित्रण : एक संक्षिप्त समीक्षात्मक इतिहास' या नावाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. शीर्षकातील 'समीक्षात्मक' हा शब्द लक्षणीय आहे. न्यूहॉल यांची दिशा या सुमारास पारखीकडे वळू लागली होती.

छायाचित्रण विभागाची स्थापना

१९४० मध्ये आधुनिक कला संग्रहालयात छायाचित्रणाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला आणि न्यूहॉल त्याचे पहिले अभिरक्षक झाले. या स्थापनेमागे संग्राहक डेव्हिड मॅकआल्पिन यांचे आर्थिक पाठबळ आणि छायाचित्रकार अँसेल अॅडम्स यांचा उत्साह होता. विभागाचे पहिले प्रदर्शन ३१ डिसेंबर १९४० रोजी सुरू झाले. न्यूहॉल आणि अॅडम्स यांनी मिळून निवडलेल्या त्या प्रदर्शनात केवळ ६० छायाचित्रे होती.

८४१ आणि ६० या दोन आकड्यांत न्यूहॉल यांच्या विचारातील स्थित्यंतर सामावलेले आहे. पहिल्या प्रदर्शनात माध्यमाचा विस्तार दाखविला होता, तर दुसऱ्यात निवडक कृतींची परंपरा उभी केली होती. छायाचित्रे आता मुद्राचित्रांप्रमाणे माउंट करून, चौकटीत बसवून, पुरेसे अंतर राखून टांगली जाऊ लागली. अभ्यासकांना मूळ प्रती हाती घेऊन पाहता याव्यात, यासाठी विभागात अभ्यासदालनाची सोय झाली. सॅक्स यांच्या वर्गातील शिस्त अशा रीतीने छायाचित्राला लागू झाली. परंतु त्याचबरोबर 'कोणाची छायाचित्रे?' हा प्रश्न अधिक टोकदार झाला. ज्या अॅडम्स यांची कला संग्रहात प्रतिष्ठा पावत होती, तेच संग्रहाचे सल्लागारही होते. छायाचित्रणाला संग्रहालयात जागा मिळवून देणाऱ्यांचे वर्तुळ इतके लहान होते की, मित्र, सल्लागार आणि इतिहासाचे विषय या भूमिका त्यात एकमेकींत मिसळणे अपरिहार्य झाले.

युद्धकाळ आणि नॅन्सी न्यूहॉल यांचे कार्य

१९४२ मध्ये न्यूहॉल सैन्यात दाखल झाले. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांचे वाचन करून त्यांतून लष्करी माहिती काढणे, हे त्यांचे काम होते. त्यानिमित्ताने ते उत्तर आफ्रिका व इटलीत होते. याच काळात, १९४४ मध्ये, लंडनमध्ये त्यांची हेल्मुट गर्नशाइम यांच्याशी भेट झाली. जुनी छायाचित्रे जमविण्यास गर्नशाइम प्रवृत्त झाले, त्यास या भेटीतील आग्रह कारणीभूत ठरला. त्यांच्या संग्रहाने पुढे मोठे रूप धारण केले. नीएप्स यांचे १८२० च्या दशकातील आद्य छायाचित्र १९५२ मध्ये त्यांनीच पुन्हा उजेडात आणले. १९६३ मध्ये त्यांचा संग्रह टेक्सास विद्यापीठाकडे गेला.

न्यूहॉल यांच्या अनुपस्थितीत विभागाची धुरा प्रभारी अभिरक्षक या नात्याने नॅन्सी न्यूहॉल यांनी १९४२ ते १९४५ या काळात सांभाळली. त्यांनी सिद्ध केलेली पॉल स्ट्रँड (१९४५) आणि एडवर्ड वेस्टन (१९४६) यांची समग्र प्रदर्शने विभागाच्या आरंभीच्या काळातील मोठी कामगिरी होय. पुढे वेस्टन यांच्या रोजनिशीचे संपादन आणि अॅडम्स यांच्यासह केलेले 'धिस इज द अमेरिकन अर्थ' (१९६०) हे पुस्तक, ही त्यांची स्वतंत्र निर्मिती आहे. तरीही या क्षेत्राच्या इतिहासात त्यांचा उल्लेख दीर्घकाळ पतीच्या नावापाठोपाठच येत राहिला. संग्रहालयाच्या कामात लिहिणारा, निवडणारा आणि मांडणारा यांचे श्रम शेवटी एका पदाच्या नावावर जमा होतात, याचे हे बोलके उदाहरण आहे. न्यूहॉल यांच्या कारकिर्दीचा विचार या सहकार्याखेरीज पूर्ण होऊ शकत नाही.

१९४६ चा राजीनामा

युद्ध संपवून न्यूहॉल परतले, तेव्हा विभागाचे भवितव्य बदलले होते. ख्यातनाम छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी युद्धकाळात याच संग्रहालयात 'रोड टू व्हिक्टरी' (१९४२) हे प्रदर्शन सादर केले होते. भिंतभर वाढविलेली छायाचित्रे, कवी कार्ल सँडबर्ग यांचा मजकूर आणि प्रेक्षकाला एका ठरावीक मार्गाने पुढे नेणारी रचना यांमुळे ते अतिशय लोकप्रिय झाले. अशा प्रदर्शनांमुळे व्यापक जनसमुदाय संग्रहालयाकडे वळेल आणि छायाचित्र-उद्योगाकडून आर्थिक साहाय्यही मिळेल, असे विश्वस्तांना वाटले. विभागाचे संचालकपद स्टायकेन यांना देऊन न्यूहॉल यांना त्यांच्या हाताखाली ठेवावे, असा निर्णय झाला. न्यूहॉल यांनी १९४६ मध्ये राजीनामा दिला. स्टायकेन यांची नियुक्ती १९४७ मध्ये झाली.

या घटनेकडे केवळ पदाचा वाद म्हणून पाहणे योग्य होणार नाही. तिच्या मुळाशी छायाचित्राच्या स्वरूपाविषयीचे दोन भिन्न विचार होते. स्टायकेन यांच्या दृष्टीने छायाचित्र हे लोकांशी बोलण्याचे साधन होते. आशयानुसार ते वाढवावे, कापावे, इतरांशेजारी बसवावे, यात त्यांना वावगे वाटत नसे. १९५५ च्या 'द फॅमिली ऑफ मॅन' या त्यांच्या प्रदर्शनात ६८ देशांतील २७३ छायाचित्रकारांची ५०३ छायाचित्रे होती आणि ती एका मानवतावादी कथनाचे घटक म्हणून मांडली होती. न्यूहॉल यांच्या दृष्टीने छायाचित्र ही विशिष्ट व्यक्तीने विशिष्ट आकारात सिद्ध केलेली कृती होती. तिचा आकार बदलणे म्हणजे कर्त्याचा हेतू बदलणे होय. एका बाजूला संदेश आणि प्रेक्षक, तर दुसऱ्या बाजूला कृती आणि कर्ता, असा हा पेच होता.

न्यूहॉल यांची भूमिका तत्त्वनिष्ठ होती, हे निर्विवाद आहे. मात्र तिच्यात एक हानीही होती. १९३७ मध्ये त्यांनी स्वतः वृत्तपत्रीय व वैज्ञानिक छायाचित्रांना दिलेली जागा या वादात मागे पडली. मूळ प्रतीच्या आग्रहात, जी छायाचित्रे मुळातच छपाईसाठी, कचेरीसाठी वा घरातील अल्बमसाठी घेतली जातात, त्यांचा इतिहास लिहिण्याची वाट अरुंद झाली.

रॉचेस्टर येथील कालखंड

राजीनाम्यानंतरची दोन वर्षे अनिश्चिततेची होती. न्यूहॉल यांनी उत्तर कॅरोलिनातील ब्लॅक माउंटन कॉलेजात उन्हाळी सत्रांत अध्यापन केले. १९४७ मध्ये मिळालेल्या गुगेनहाइम शिष्यवृत्तीमुळे ग्रंथाचे पुनर्लेखन शक्य झाले. १९४८ मध्ये ते रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन हाउस या नव्या संग्रहालयाचे पहिले अभिरक्षक झाले. कोडॅकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांच्या निवासस्थानी हे संग्रहालय १९४९ मध्ये जनतेसाठी खुले झाले. उद्योगाच्या पैशाने संग्रहालयाची दिशा बदलू पाहणाऱ्या निर्णयाविरुद्ध राजीनामा देणारे न्यूहॉल छायाचित्र-उद्योगाच्याच राजधानीत येऊन स्थिरावले, यात एक विरोधाभास दिसतो. पण येथे त्यांना जे मिळाले, ते न्यूयॉर्कमध्ये नव्हते. कोडॅकने १९३९ मध्ये विकत घेतलेला फ्रेंच संग्राहक गाब्रिएल क्रोमेर यांचा डॅगेरोटाइप, पुस्तके व उपकरणे यांचा संग्रह या संस्थेकडे आला होता. प्रतिमा आणि ती घडविणारे यंत्र, दोन्ही येथे एका छताखाली होती.

१९५८ ते १९७१ या काळात न्यूहॉल संस्थेचे संचालक होते. १९५२ पासून संस्थेने 'इमेज' हे नियतकालिक प्रसिद्ध केले. मायनर व्हाइट आणि नेथन लायन्स यांच्यासारखे कल्पक सहकारी तेथे आले आणि ही संस्था छायाचित्रणाच्या अध्ययनाचे केंद्र बनली. १९५२ मध्ये सुरू झालेल्या 'अॅपर्चर' या नियतकालिकाच्या संस्थापकांतही न्यूहॉल दांपत्य होते. 'द डॅगेरोटाइप इन अमेरिका' (१९६१) आणि छायाचित्रणाच्या शोधाची कथा सांगणारे 'लेटंट इमेज' (१९६७) ही पुस्तके याच काळातील आहेत. संग्रहातील वस्तूंचा रोजचा सहवास त्यांच्या विवेचनात जाणवतो. १९७१ मध्ये निवृत्तीनंतर ते न्यू मेक्सिको विद्यापीठात अध्यापनासाठी गेले. ज्या विषयाचा वर्ग त्यांना विद्यार्थिदशेत हार्वर्डमध्ये मिळाला नव्हता, तो विषय विद्यापीठात शिकविण्याची संधी त्यांना अशी मिळाली. नॅन्सी न्यूहॉल यांचे १९७४ मध्ये नदीप्रवासातील अपघातामुळे निधन झाले. ब्यूमाँट न्यूहॉल २६ फेब्रुवारी १९९३ रोजी सांता फे येथे निवर्तले. त्यांचे आत्मचरित्र त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

एका ग्रंथाच्या पाच आवृत्त्या

न्यूहॉल यांच्या इतिहासग्रंथाच्या आवृत्त्या १९३७, १९३८, १९४९, १९६४ आणि १९८२ मध्ये निघाल्या. पहिल्या दोन आवृत्त्यांची रचना प्रदर्शनाच्या दालनांसारखी, प्रक्रियांनुसार आहे. १९४९ ची आवृत्ती हे जवळजवळ नवे पुस्तक आहे. या पुनर्लेखनात त्यांना पटकथाकार फर्डिनंड रायहर यांचा सल्ला लाभला. परिणामी कोशवजा विवेचनाची जागा ओघवत्या निवेदनाने घेतली. शोधाचा ध्यास, व्यवसायाची भरभराट, कलेच्या नावाखाली चित्रकलेचे अनुकरण आणि अखेरीस माध्यमाच्या शुद्ध स्वरूपाचा साक्षात्कार, असा या कथेचा आलेख आहे. स्टिग्लिट्झ, स्ट्रँड, वेस्टन आणि अॅडम्स यांच्यापाशी ही कथा आपल्या उंचीवर पोहोचते.

हा ग्रंथ अनेक दशके अमेरिकन महाविद्यालयांत पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला. त्याचे यश निवेदनात होते, आणि त्याच्या मर्यादेचे कारणही निवेदनातच होते. ज्या कथेला शिखर असते, तिच्यात शिखराकडे न जाणाऱ्या वाटा आडवाटा ठरतात. न्यूहॉल यांनी व्यावसायिक छायाचित्रणाकडे दुर्लक्ष केले, असे मात्र म्हणता येत नाही. स्वस्त व्यक्तिचित्रांच्या लाटेवर त्यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे आणि दिस्देरी यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या छोट्या कार्ड-छायाचित्रांची दखलही घेतली आहे. पण ही सामग्री कथेची पार्श्वभूमी म्हणून येते, विषय म्हणून नव्हे.

मूल्यमापन

१९८० च्या दशकात या इतिहासलेखनाची चिकित्सा सुरू झाली. क्रिस्टोफर फिलिप्स यांनी 'ऑक्टोबर' या नियतकालिकात १९८२ मध्ये लिहिलेल्या 'द जजमेंट सीट ऑफ फोटोग्राफी' या लेखात आधुनिक कला संग्रहालयाच्या छायाचित्रण विभागाचा इतिहास तपासला. न्यूहॉल, स्टायकेन आणि १९६२ मध्ये आलेले जॉन झारकोव्स्की या तिघांनी छायाचित्रणाला आपापल्या परीने कसा आकार दिला, हे त्यांनी दाखविले. झारकोव्स्की यांनी १९६४ च्या 'द फोटोग्राफर्स आय' या प्रदर्शनात अनामिकांची छायाचित्रेही नामवंतांच्या बरोबरीने मांडली होती. म्हणजे संग्रहालयाने आखलेली सीमा संग्रहालयच पुन्हा आखू शकते. १९८४ मध्ये नेओमी रोझेनब्लम यांचा छायाचित्रणाचा जागतिक इतिहास प्रसिद्ध झाला आणि फ्रान्स, इंग्लंड व अमेरिका यांच्याभोवती फिरणारी कथा अपुरी असल्याची जाणीव पाठ्यपुस्तकांतही उतरली.

या अपुरेपणाचा अर्थ पश्चिम भारताच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होतो. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. लंडनमधील अशी संस्था तिच्या केवळ एक वर्ष आधीची. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते. १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन थॉमस बिग्ज यांना प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी नेमले. १८५६ पासून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी हौशी छायाचित्रकारांचा सचित्र मासिक अल्बम मुंबईतून काढला. जॉन्सन यांनी १८६० च्या दशकात मुंबईतील विविध जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील अनेक चित्रांत माणसे एका निगेटिव्हवरची आणि पार्श्वभूमी दुसऱ्या निगेटिव्हवरची आहे. भारतीय स्टुडिओंत छायाचित्रावर हाताने रंग भरण्याची प्रथाही दीर्घकाळ टिकली. न्यूयॉर्क येथे १९८२ मध्ये जुडिथ मारा गुटमन यांच्या 'थ्रू इंडियन आइज' या प्रदर्शनाने अशा छायाचित्रांकडे तेथील अभ्यासकांचे लक्ष वेधले. न्यूहॉल यांच्या ग्रंथाची अखेरची आवृत्ती त्याच वर्षीची, हा योगायोग बोलका आहे.

येथे प्रश्न केवळ काही नावे वगळली गेल्याचा नाही. न्यूहॉल यांच्या निकषानुसार छायाचित्राचे सत्त्व हस्तक्षेपविरहित शुद्धतेत आहे. हा निकष लावल्यास जॉन्सन यांची जोडचित्रे किंवा रंगविलेली व्यक्तिचित्रे दोषास्पद ठरतात. वस्तुतः ज्या समाजात व्यक्तीची ओळख पोशाख, अलंकार आणि रंग यांतून व्यक्त होत होती, तेथे कृष्णधवल प्रतिमा अपुरी वाटणे आणि रंगाऱ्याने ती पूर्ण करणे स्वाभाविक होते. निकष बदलल्याखेरीज अशी छायाचित्रे इतिहासात प्रवेश करू शकत नाहीत. ती यादीत घातली, तरी तळटीपेतच राहतात.

समारोप

ब्यूमाँट न्यूहॉल यांच्या कारकिर्दीचे ऐतिहासिक महत्त्व तीन गोष्टींत सांगता येईल. छायाचित्र हे अभ्यासाचे आणि जतनाचे साधन आहे, ही गोष्ट त्यांनी संग्रहालयांना मान्य करावयास लावली. मूळ प्रत, प्रक्रिया आणि कर्ता यांच्या काटेकोर नोंदीची शिस्त त्यांनी या क्षेत्राला दिली. आणि विखुरलेल्या सामग्रीतून वाचनीय, शिकविता येण्याजोगे कथन उभे केले. त्यांच्या टीकाकारांनी जे प्रश्न विचारले, ते विचारण्यासाठी लागणारी सामग्रीही बऱ्याच अंशी त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संग्रहांतूनच उपलब्ध झाली, हे विसरता येत नाही.

त्यांच्या उदाहरणातून मिळणारा इशाराही तितकाच स्पष्ट आहे. संग्रहालयात जे आले, त्याचा इतिहास झाला, आणि जे दाराबाहेर राहिले, ते विस्मरणात जाण्याचा धोका निर्माण झाला. महाराष्ट्रातील जुन्या स्टुडिओंतील काचेच्या प्लेट, संस्थानी अल्बम, शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिक समूहचित्रांच्या चौकटी आणि घराघरांतील लग्नाची छायाचित्रे ही सामग्री आजही मोठ्या प्रमाणावर अशाच दाराबाहेर आहे. दमट हवा आणि बुरशी अभ्यासकाची वाट पाहत थांबत नाहीत. ही छायाचित्रे गोळा करताना आपण काय घेतले याबरोबरच काय नाकारले आणि कोणत्या कारणासाठी, याचीही नोंद संग्राहकाने ठेवली, तर पुढील पिढीला ती निवड तपासून पाहता येईल. न्यूहॉल यांनी आपला ग्रंथ पंचेचाळीस वर्षांत चार वेळा पुन्हा लिहावयास घेतला. इतिहासकाराची पहिली निवड अंतिम नसते, याची याहून स्पष्ट कबुली दुसरी असू शकत नाही.